हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मी बँकेच्या खिडकीशी उभा राहून आतल्या माणसाला सांगतो, की मी अजून जिवंत आहे. तो एकदा माझ्याकडे बघतो, एकदा कागदाकडे बघतो, आणि विश्वास कागदावर ठेवतो. त्यामुळे पोस्टाच्या जुन्या तिकिटालाही असाच दाखला लागतो हे कळल्यावर मला नवल वाटायला नको होतं. वाटलं, याचं कारण अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या अल्बममध्ये एक 'सिंदे डॉक' आहे. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर (हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले) यांनी १८५२ साली काढलेलं, अर्ध्या आण्याचं. आशियातली पहिली चिकटवायची तिकिटं ती हीच. आधी लाल लाखेचं काढलं, ते टिचायला लागलं. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव! दिव्याच्या उजेडात ते तिकीट आहे की कागदाला आलेलं गांधील, हे टपालवाल्याला कळेना. अण्णांचं हे पांढरंच. त्यांनी ते घेतलं त्या महिन्यात आमच्याकडे दूध बंद होतं, असं आई सांगायची. सांगताना अण्णांकडे बघायची नाही.

आता आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, एक्सपर्टकडून सर्टिफिकेट घ्या. त्याशिवाय त्याला कोणी विचारणार नाही."

मुलाचं चूक नाही हो. विकणाऱ्याला पैसे हवे असतात आणि घेणारा प्रेमात पडलेला असतो. दोघांचीही साक्ष कोर्टात टिकायची नाही. लग्न जमवताना मुलाची चौकशी आपण मुलाच्या आईकडे करतो का? म्हणून तिसरा माणूस. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती तर १८९४ पासून हेच करते आहे: तिकीट पाठवा, फी भरा, निकाल घ्या.

पण हा तिसराही माणूसच. झाँ द स्पेराती नावाचा एक इटालियन गृहस्थ फ्रान्समध्ये राहायचा. साध्या, स्वस्त, पण अस्सल तिकिटावरचं चित्र तो रसायनानं धुवून काढायचा आणि त्याच कागदावर दुर्मीळ तिकीट छापायचा. कागद अस्सल, कडेचे दाते अस्सल, पुष्कळदा पोस्टाचा शिक्काही अस्सल. खोटं काय, तर फक्त तिकीट! १९४२ साली त्यानं लिस्बनला पाठवलेली अठरा तिकिटं फ्रेंच कस्टम्सनं पकडली. मौल्यवान माल चोरून बाहेर पाठवता म्हणून खटला. स्पेराती म्हणाला, "अहो, ही खोटी आहेत, मीच केलीत, यांची किंमत शून्य!" कोण ऐकतो? तिकिटं तज्ज्ञाकडे गेली. तज्ज्ञ कोण, तर लिओंच्या पोलीस प्रयोगशाळेचे डॉ. लोकार, गुन्हेशास्त्रातलं केवढं नाव. त्यांनी भिंगाखाली घालून निर्वाळा दिला: अस्सल! चोर छातीवर हात ठेवून 'मी चोर आहे' म्हणतोय आणि पंच म्हणतायत, छे छे, आपण सज्जनच दिसता. शेवटी बिचाऱ्याला तीच तिकिटं पुन्हा करून दाखवावी लागली.

१९५४ मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशननं त्याचा सगळा साठाच विकत घेतला, हत्यारांसकट. आणि आता गंमत ऐका. आज स्पेरातीची खोटी तिकिटंही लोक जमवतात. त्यांना चांगला भाव येतो आणि तज्ज्ञ त्यांनाही दाखला देतात, की हे खोटं तिकीट खात्रीनं स्पेरातीचंच आहे, दुसऱ्या कुणा भुरट्याचं नव्हे.

हे मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे डॉक्टर चुकतात म्हणून आपण वैदूकडे जायचं का?" याला उत्तर नव्हतं. अनोळखी माणसाचे पैसे घ्यायचे तर दाखला हवाच. पण मला पैसे घ्यायचे आहेत का? निकाल 'खोटं' असा आला, तर त्या महिन्याच्या दुधाचं काय करायचं? अण्णा नाहीत, आईही नाही. कोणाला सांगणार?

तरी मागच्या महिन्यात मनाचा हिय्या केला. तिकीट चिमट्यानं काढलं, दोन पुठ्ठ्यांत घातलं, पाकिटावर लंडनचा पत्ता लिहिला. पाकीट टेबलाच्या खणात आहे. बायको रोज विचारते, अजून का टाकलं नाही?

त्याला तिकीट लावायचं राहिलंय.