धारवाड आणि पुस्तकांवरच्या गप्पा

वाचनालयाचा इतिहास सहसा इतिवृत्तांवरून लिहिला जातो. परंतु कोणाला कोणते पुस्तक का आवडले, याची नोंद देवघेवीच्या वहीत नसते. ते गप्पांत बोलले जाते, आणि गप्पा विरून जातात.

धारवाडला याचा एक सुखद अपवाद आहे. येथील जे. एस. एस. महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) सभासमारंभांपासून दूर राहत; ते रमत पत्रांत. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी झालेल्या पत्रसंवादात आवडत्या पुस्तकांबरोबर रोजचे जगणेही आले. दोघांचीही पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच्या कितीतरी आधी याच गावात द. रा. बेंद्रे यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपू’ हे साहित्यप्रेमी मित्रमंडळ जमले होते. घरची भाषा मराठी असलेले बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले.

१९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून येथे मराठी पुस्तक वाचले जाते ते गरजेपेक्षा ओढीने, आणि ही ओढ गप्पांतूनच एकाची दुसऱ्याला लागते. म्हणून शताब्दीनिमित्त सभासदांना एवढीच विनंती : पुस्तक परत करताना त्याविषयी दोन शब्द बोलावे, जमल्यास लिहूनही ठेवावे.