लॉरेन, कीश आणि उरलेली कणीक

आमच्या पिढीला लॉरेन ठाऊक झालं ते इतिहासाच्या पुस्तकातून, आणि तेही 'आल्सेस-लॉरेन' अशा जोडनावानं. १८७१ साली जर्मनीनं फ्रान्सकडून घेतलं, १९१८ साली फ्रान्सला परत मिळालं, १९४० साली हिटलरनं पुन्हा गिळलं आणि महायुद्धाच्या शेवटी पुन्हा फ्रान्सकडे आलं. (१८७१ मध्ये सगळं लॉरेन गेलं नव्हतं. मोझेलकडचा भाग गेला, नान्सी शहर फ्रान्सकडेच राहिलं. पण इतकं बारीक कोण शिकवतो!) भांडण कशासाठी, तर लोखंडाच्या खाणींसाठी. मुलं हे पाठ करून लिहीत आणि गुण मिळवत. त्या लॉरेनमधली माणसं जेवत काय होती, हे मात्र ना धड्यात होतं, ना परीक्षेत.

ती जे खात होती त्यातला एक पदार्थ आज जगभर पोचला आहे. कीश. आपल्या खोबऱ्याच्या किसाशी त्याचं काही नातं नाही. पिठाची उथळ पारी, तिच्यात अंडी आणि साय फेटून ओतायची आणि भट्टीत भाजायची. शब्द फ्रेंच दिसला तरी मूळ जर्मन 'कूखन', म्हणजे केक. सैन्यांच्या कितीतरी आधी शब्दांनी ती सरहद्द ओलांडलेली होती.

आमच्या घरातली तरुण मंडळी शिकायला परदेशी आहेत. दुकानात याचा एक त्रिकोणी तुकडा घ्यायचा तर खिशाकडे बघावं लागतं, म्हणून त्यांचा प्रश्न असतो की ही कीश घरी स्वस्तात कशी करायची? मला तो प्रश्नच उलटा वाटतो. हा पदार्थ जन्मला तोच काटकसरीतून. तो महाग कसा झाला, हे विचारायला हवं.

जुन्या लॉरेनच्या खेड्यात पाव रोज भाजत नसत. भट्टी तापवायला ढीगभर लाकूड लागे, म्हणून बऱ्याच दिवसांचा पाव एकदम भाजून ठेवायचा. सरंजामी काळात फ्रान्समध्ये कित्येक गावांतून ती भट्टीही जमीनदाराची. गावकऱ्यानं तिथंच भाजलं पाहिजे आणि त्याबद्दल मोबदला दिला पाहिजे, अशी सक्ती. राज्यक्रांतीनं ती मोडली. पण भट्टी कुणाचीही असो, एकदा तापली की तिची ऊब फुकट घालवणं परवडणारं नव्हतं. शेजारच्या आल्सेसमध्ये पाव आत घालण्याआधी एक पातळ पोळी सरकवून भट्टीचा ताव बघत, आपण पहिल्या घावनावरून तव्याचा अंदाज घेतो तसा. कीश ही तिचीच बहीण. पावाचे उंडे करून झाले की जे पीठ उरे, ते पातळ लाटायचं आणि कडा उभ्या करायच्या.

आणि आत काय घालायचं? अंडी घरच्या कोंबड्यांची, साय घरच्या गाईची. हिवाळ्याच्या तोंडाला घरचं डुक्कर कापलं जाई, त्याचं मांस मीठ लावून धुरावर टांगलेलं असे. त्यातले चार बारके तुकडे. बस्स! चीज नाही, कांदा नाही. अंडी-सायीच्या त्या मिश्रणाला लॉरेनमध्ये 'मिगेन' असा खास शब्द आहे. विकत आणायचं असं मिठाखेरीज फारसं काही नाही. हा पदार्थ स्वस्त होता, कारण त्यातलं सगळं आधीच घरात होतं.

पुढे तो छापील पुस्तकांत शिरला. पावाच्या पिठाची जागा लोणी घातलेल्या खुसखुशीत पारीनं घेतली. १९६१ साली ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या दोन सहलेखिकांचं जाडजूड पुस्तक अमेरिकेत आलं, त्यातल्या लॉरेनच्या कीशमध्ये अजून चीज नाही, पण लोणी आणि दाट क्रीम आहे. इतर ठिकाणी चीजही आलं. कृती जवळपास तीच, पण तिच्यामागचं घर, गाय आणि भट्टी मागेच राहिली, आणि जे घरचं होतं ते सगळं विकतचं झालं. १९८२ साली तर अमेरिकेत 'खरे पुरुष कीश खात नाहीत' अशा अर्थाच्या नावाचं एक विनोदी पुस्तक धडाधड खपलं. लॉरेनमधल्या नांगऱ्याला हे कुणी सांगितलं असतं, तर तो काय म्हणाला असता कुणास ठाऊक!

ब्रिटनमध्ये तर महायुद्धात अंड्यांवर रेशन आलं. माणशी आठवड्याला एखादं अंडं, आणि १९४२ पासून अमेरिकेहून आलेली अंड्याची भुकटी. तिथलं रेशन १९५४ पर्यंत पूर्ण उठलं नाही. त्याच देशात २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणासाठी अधिकृत पदार्थ ठरला तो कीश. पालक, शेंगांतले दाणे आणि चीज घातलेली. तेव्हा तिथे अंडी महागली होती, त्यामुळे बरीच कुरकूर झाली. मला मात्र त्यातला पालक आवडला. परसातलं घालायचं, हा मूळ धर्म त्यात थोडा तरी शिल्लक होता.

तर मुलांनो, लॉरेनची कृती नको, लॉरेनची रीत घ्या. उरलेल्या कणकेत थोडं मोहन घाला, पातळ लाटून उथळ डब्यात बसवा. वर कागद ठेवून त्यावर सुके चणे पसरा, म्हणजे पारी फुगत नाही, आणि पंधरा मिनिटं तशीच भाजून घ्या. मग क्रीमऐवजी दूध. प्रमाण सोपं आहे, दर अंड्याला अर्धा कप. उरलेली कोणतीही कोरडी भाजी चालेल. पालक असेल तर शिजवून घट्ट पिळून घ्या, नाहीतर सगळं पाणचट होतं. १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा. मधला भाग किंचित हलत असतानाच बाहेर काढा, कारण फार तापलं की अंडं आकसतं आणि पाणी सोडतं. आणि ओव्हन तापलेलाच आहे, तर दुसऱ्या खणात बटाटे भाजून घ्या.

ते चणे पुन्हा शिजवून खाण्याजोगे राहत नाहीत. गार झाले की बरणीत भरून ठेवा, पुढच्या खेपेला तेच चालतात.