दर्यावर्दी, मालम आणि परिक्रमा

कांदिवलीहून चारकोपच्या दिशेने चालत गेलं, की इमारती संपतात तिथे तिवरं लागतात आणि त्यांच्या पलीकडे मनोरीची खाडी. या किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडे होडीवरच्या माणसांना कामाप्रमाणे नावं आहेत. होडीचा धनी नाखवा, होडी चालवणारा तांडेल, बाकीचे खलाशी. नवे मुलूख शोधायला निघालेल्याला मात्र वेगळं नाव नाही.

नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा स्वामी. सारंगही फारसी, सुकाणू अरबी आणि आरमार पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेलं. बंदरात कोण कोण येऊन गेलं, याची ही जणू नोंदवहीच.

शाळेत वास्को द गामाची ओळख होते ती ‘दर्यावर्दी’ म्हणून. शब्द भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ समुद्रावर वावरणारा एवढाच. शोध लावल्याचा मान त्याला पाठ्यपुस्तकाने जोडला. प्रत्यक्षात २४ एप्रिल १४९८ रोजी गामा आफ्रिकेच्या मालिंदीहून निघाला, तेव्हा वाट दाखवायला तिथे मिळालेला एक जाणकार त्याच्या जहाजावर होता. मे महिन्यात जहाजं कालिकतला लागली. पोर्तुगीज बखरकारांनी त्या वाटाड्याला ‘मालेमो’ म्हटलं आणि काहींनी तो गुजराती असल्याचं लिहिलं. मालेमो म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’, शिकवणारा. कच्छ-गुजरातेत हाच शब्द ‘मालम’ झाला. शोधक कुणाला म्हणायचं आणि मालम कुणाला, हे ठरवताना आपण गामाला जरा जास्तच झुकतं माप दिलं.

कान्होजी आंग्रे यांच्या वाट्याला उलटं आलं. मराठ्यांच्या दरबारी ते ‘सरखेल’, आरमाराचे प्रमुख. शब्द मूळचा फारसी, पथकाच्या म्होरक्याचा. त्यांची दस्तकं न घेता कोकण किनाऱ्यावरून जाणारी जहाजं ते पकडत. म्हणून मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. माणूस तोच, समुद्रही तोच. फरक दस्तक कुणाचं चालायचं एवढाच होता.

आपल्या काळात या शब्दसंग्रहात एक देखणी भर पडली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून भारतीय नौदलाने एकट्याने पृथ्वीभोवती शिडाच्या नौकेने फिरण्याची मोहीम आखली आणि तिला नाव दिलं ‘सागर परिक्रमा’. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. परिक्रमा करणारा काही जिंकत नाही, कशावर नाव कोरत नाही. तो फेरी पुरी करून परत येतो.

दोंदे यांची वाट ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केप हॉर्न, केप टाउन अशी पूर्वेकडे जाणारी होती. पूर्वेला तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला येतो. संस्कृतात उजव्यालाही दक्षिणच म्हणतात, आणि परिक्रमेसाठीचा प्रदक्षिणा हा शब्द त्यावरूनच आला.