किटलीच्या धातूवर फिरणारा क्रँक

जुन्या गाडीचं इंजिन खोललं, कनेक्टिंग रॉड बाहेर काढला आणि त्याच्या मोठ्या तोंडात पाहिलं, की पांढरट धातूचा एक थर दिसतो. चाकूचं टोक फिरवलं तर सहज ओरखडा उठतो. आजच्या इंजिनात असतात तशा काढता-घालता येणाऱ्या बेअरिंगच्या पट्ट्या तिथे नसतात. हा धातू वितळवून थेट रॉडमध्ये ओतलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला व्हाइट मेटल म्हणतात, पुस्तकांत बॅबिट. क्रँकसारखा पोलादी दणकट भाग या मऊ थरावर मिनिटाला हजारो फेरे मारतो. असला धातू इंजिनात घालायचं सुचलं कुणाला? माझं ठाम मत असं, की तो इंजिनात आला तो चहाच्या किटलीतून.

बेअरिंगचा त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. आधी लाकूड होतं, मग पितळ आणि गनमेटल. तेल कमी पडलं की पितळ दांड्यालाच धरायचं आणि दांडा खराब व्हायचा. वाफेची इंजिनं मोठी आणि वेगवान झाली तशी ही डोकेदुखी वाढली.

आता आयझॅक बॅबिट. जन्म १७९९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन गावचा. धंद्याने सोनार. १८२४ च्या सुमारास त्याने भागीदारासोबत टॉन्टनमध्ये ब्रिटानिया धातूची भांडी बनवायला सुरुवात केली. पुढे रीड अँड बार्टन या नावाने प्रसिद्ध झालेल्या कारखान्याचं मूळ तेच. ब्रिटानिया हा मूळचा इंग्लंडमधल्या शेफील्डचा धातू, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जेम्स व्हिकर्स नावाच्या कारागिराने त्याची कृती एका आजारी माणसाकडून पाच शिलिंगांना विकत घेतली, अशी आख्यायिका आहे. चांदीसारखी चमक, पण किंमत मध्यमवर्गाला झेपणारी, त्यामुळे किटल्या आणि साखरदाण्यांसाठी तो घरोघरी पोचला. ऑस्करच्या बाहुल्याही अनेक वर्षं याच धातूच्या, वरून सोन्याचा मुलामा दिलेल्या असत.

ब्रिटानियाची नेहमीची कृती अशी: शंभरात साधारण ९२ भाग कथील, ६ भाग अँटिमनी, २ भाग तांबं. आणि बॅबिटने १८३९ च्या पेटंटमध्ये बेअरिंगसाठी सुचवलेलं मिश्रण असं: ५० भाग कथील, ५ भाग अँटिमनी, १ भाग तांबं. शंभराच्या हिशेबात मांडलं तर साधारण ८९, ९ आणि २. अँटिमनी जरा चढवलं, बाकी किटली जशीच्या तशी! हे दोन हिशेब शेजारी मांडून पाहिल्यापासून जुन्या रॉडकडे मी वेगळ्याच नजरेने पाहतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला छापखान्याचा. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून छपाईचे खिळे ओतण्याची विद्या युरोपात शतकानुशतकं चालत आलेली होती. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे देखणे देवनागरी खिळे घडले तेही याच कुळातल्या धातूतून. मग बेअरिंगचा धातूही खिळ्यांच्या ओतशाळेतूनच आला असं का मानू नये? कारण साधं आहे: खिळ्यात शिसं मुख्य असतं आणि बॅबिटच्या मूळ कृतीत शिसं औषधालाही नाही. शिशाचं स्वस्त व्हाइट मेटल बाजारात आलं ते नंतर. त्याचं नातं खिळ्यांशी जोडायला माझी हरकत नाही, पण ते चुलत घराणं. थोरली पाती किटलीचीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पेटंट नीट वाचलं तर बॅबिटने मिश्रणावर हक्क सांगितलेलाच नाही. याच मिश्रणाशी मी बांधलेला नाही, असंच तो स्पष्ट करतो. त्याचा दावा बेअरिंगच्या घराच्या रचनेवर आहे: कठीण धातूचं घर, त्याच्या कडांना उंचवटे, आतून कथलाचा लेप, आणि मग त्यात ओतलेला मऊ धातू. म्हणजे नाव ज्या मिश्रणाला चिकटलं ते त्याच्या दाव्यात नव्हतंच. पण मला तर हा आक्षेप माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. जो धातू आपल्या कारखान्यात वर्षानुवर्षं ओतला आणि बाजारात सगळ्यांना ठाऊक होता, त्यावर हक्क कशाला सांगायचा? नवं होतं ते त्याला जागेवर धरून ठेवणं. मऊ धातू दाबाखाली बाजूने पिळून बाहेर येतो, त्याला उंचवट्यांनी अडवलं आणि लेपाने चिकटवलं.

हा लेप म्हणजे आपली कल्हईच. कल्हईवाला पातेलं तापवून नवसागर टाकतो, धूर उठतो, आणि कथलाची कांडी फिरवली की आतलं अंग पांढरं होतं. लोखंडी घराला कथील धरवायलाही तेव्हा नवसागरच वापरत.

सोनार बेअरिंगपर्यंत पोचला कसा, तेही जुळतं. १८३४ मध्ये तो बॉस्टनच्या अल्जर यांच्या ओतकामाच्या कारखान्यात गेला. तिथे तोफा ओतल्या जात. अमेरिकेतली पहिली पितळी तोफ ओतण्याचं श्रेय त्याला देतात. किटलीचा धातू हातात खेळलेला माणूस अजस्र यंत्रांच्या दांड्यांशेजारी उभा राहिला आणि पाच वर्षांत पेटंट आलं. मधली साखळी मी माझ्या अंदाजाने जोडतो आहे, पण याहून सरळ साखळी मला दिसत नाही. पुढे या शोधासाठी अमेरिकी काँग्रेसने त्याला २०,००० डॉलर दिले.

हा मऊ धातू का टिकतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. कथलाच्या मऊ अंगात कथील-अँटिमनीचे कठीण, चौकोनी स्फटिक मुरमात रुतलेल्या दगडांसारखे बसलेले असतात. भार ते पेलतात. भोवतालचं मऊ अंग किंचित झिजतं आणि तिथे तेल राहतं. कचरा आला तर मऊ अंग त्याला पोटात घेतं. तांब्याचं काम आणखी गमतीचं आहे. ओतलेल्या धातूत चौकोनी स्फटिक हलके म्हणून वर तरंगू पाहतात, पण तांब्याच्या सुया त्यांच्या आधी गोठून जाळं विणतात आणि त्यांना जागीच अडकवतात. म्हणूनच नंतरच्या मिश्रणांत तांबं तीन-चार टक्क्यांपर्यंत चढलं.

मोटारींनी हा वारसा जसाच्या तसा उचलला. फोर्डच्या मॉडेल टीची, १९०८ ते १९२७ मधल्या दीड कोटी गाड्यांची, बेअरिंगं ओतीव होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या काळच्या सहा सिलिंडरच्या शेव्हर्लेच्या रॉडमध्येही बॅबिटच असे. आपल्याकडच्या जुन्या गाड्या ‘ठोकायला’ लागतात तेव्हा बहुधा हाच थर झिजलेला असतो.

तो पुन्हा ओतणं हे हाताचं काम आहे. जुना धातू वितळवून काढायचा, रॉड स्वच्छ करून कल्हई करायची, मधल्या गोल दांड्यावर दिव्याची काजळी धरायची म्हणजे धातू त्याला चिकटत नाही, फटी मातीने लिंपायच्या. वितळलेल्या धातूत पाइनची वाळकी काडी बुडवायची. ती पेट न घेता तपकिरी झाली की ताव बरोबर. मग एका दमात, धार न तोडता ओतायचं. गार झाल्यावर टिचकी मारली की खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आला तर धातू धरलेला नाही, पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर लेथ, निळा रंग लावून उमटलेले उंचवटे पाहणं, आणि स्क्रेपरने हलक्या हाताने खरवडणं.

ही कला येणारे कारागीर आता मोजकेच सापडतात, म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना एवढंच सांगणं: ओतीव रॉड भंगारात देऊ नका, आणि ओतून घेताना मिश्रण कथलाचं की शिशाचं ते विचारा. कल्हई शुद्ध कथलाची करून घ्या, अनोळखी जुनं व्हाइट मेटल नव्यात मिसळू देऊ नका. कथील २३२ अंशांना वितळतं. त्यात शिसं शिरलं की १८३ अंशांनाच पातळ होणारा भाग तयार होतो, आणि बेअरिंग तिथूनच सुटतं.