मोठा हॉल, छोटा डबा

मोठ्या हॉलसाठी स्पीकर घेताना आपण आधी विचारतो, "किती वॉटचा?" १९४०च्या दशकात वॉटचीच टंचाई होती. व्हॉल्व्हच्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद ती किती! मग हॉल भरायचा कसा?

अमेरिकेत, आर्कान्सामधल्या होप गावी, पॉल क्लिप्श या इंजिनिअरने १९४६ मध्ये उत्तर दिलं: क्लिप्शहॉर्न. कपाटाएवढा हा स्पीकर कोपऱ्यातच ठेवायचा, कारण खोलीच्या दोन भिंतीच त्याचा भोंगा पुढे वाढवायच्या. एका वॉटला, एक मीटरवर, सुमारे १०५ डेसिबल!

१९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी एआर-१ आणला. छोटा, हवाबंद डबा. आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. बेस खोल मिळाला, पण वॉट जास्त लागले. १९५८ मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, घरात दोन-दोन स्पीकर हवे झाले आणि छोट्या डब्यांचं फावलं.

हिशेब आजही तोच आहे. छोटा आकार, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज: तिन्ही एकत्र मिळत नाहीत. १०५ डेसिबलवाला १ वॉटमध्ये जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी ८५वाल्याला १०० वॉट लागतात. त्यामुळे हॉल मोठा असेल, तर दुकानात वॉटच्या आधी सेन्सिटिव्हिटी विचारा.