पोफळीच्या डोक्यावरचं जंगल



चातुर्मास संपला की आमच्या घरात पहिली मागणी होते ती जंगलाची. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धबधबे बघायला गाड्यांची रांग लागते, पण त्या दिवसांत पायाखाली किती जीव असतात हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. आषाढ लागला की सासूबाई घाटाचं नावही काढू देत नाहीत. गंमत म्हणजे कोयना अभयारण्यही पावसाळ्यात पर्यटकांना बंदच असतं.

यंदा मार्गशीर्षात नणंदेची मुलं बोरिवलीहून आली होती. दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याचे दोन कॅन घेऊन चिपळूणहून सकाळीच निघालो. पोफळी मागे टाकली, घाट चढलो, कोयनानगरहून नवजाकडे वळलो. धबधबा बारीक झाला होता, पण शेकरू दिसलं, त्यामुळे मुलं खूश. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून परतीची घाई चालली होती, तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, "मामी, इथे कधीच कुणी राहत नव्हतं?" मी "नाही रे, हे जंगलच" असं म्हणून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी धान्य निवडायला येणाऱ्या मावशींना कौतुकानं सहल सांगितली. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "राहत नव्हतं कसं, वहिनी? माझा जन्म तिथलाच."

मावशी सत्तरीच्या आहेत. इतकी वर्षं आमच्या घरात येतात आणि मला त्यांचं गाव माहीत नव्हतं. मग मी जरा वाचायला घेतलं, आणि तेच आज लिहिते आहे.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. पण हेळवाकपासून कोकणाचा कडा हाकेच्या अंतरावर. पाणी पश्चिमेला वळवलं तर साडेचारशे मीटरहून जास्त खोल कोसळेल, हे इंजिनिअरांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच हेरलं होतं. प्रत्यक्ष काम मात्र स्वातंत्र्यानंतर, 1954 साली सुरू झालं. डोंगर पोखरून बोगदे काढले आणि पोफळीला जमिनीच्या पोटात वीजघर बांधलं. 1962 साली तिथला पहिला संच फिरला.

आपण चिपळूणकर या पाण्याला 'अवजल' म्हणतो. वीज तयार करून झाल्यावर ते कोळकेवाडीच्या धरणात येतं, अलोऱ्याला पुन्हा वीज करतं आणि मग वाशिष्ठीत उतरतं. ऐन वैशाखात आपली नदी वाहती दिसते ती त्याच्यामुळे. पाणी गाळून प्यायची सवय आपल्याला आईनं लावली, पण ते येतं कुठून हे मी कधी विचारलं नव्हतं.

ते येतं शिवसागर जलाशयातून. तो भरायला लागला तेव्हा शंभराच्या आसपास गावं उठली. मावशी त्या वेळी पाच-सहा वर्षांच्या. त्यांना आठवतं ते एवढंच, की आईनं जातं बरोबर घेतलं होतं आणि वाटेत ते कुठेतरी टाकून द्यावं लागलं. कुणी ठाणे-कुलाबा जिल्ह्यात गेलं, कुणी सोलापूरच्या कोरड्या मुलखात, आणि कुणी लांब न जाता डोंगरावर थोडं वर सरकून पुन्हा झोपडी घातली. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला 1976 साली. तोवर पोफळीची वीज चौदा वर्षं जळत होती.

त्यातच 11 डिसेंबर 1967 चा भूकंप. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. कोयनानगर पडलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पोफळीची वीज बंद पडली तेव्हा मुंबईचे कारखाने थांबले. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, की त्यानंतर कित्येक रात्री चिपळुणात लोक अंगणात झोपले.

1985 साली उरलेल्या डोंगरांचं अभयारण्य झालं. वर सरकून बसलेल्या काही घरांना तेव्हा पुन्हा उठायची वेळ आली, किंवा शेती-गुरांवर बंधनं आली. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. जंगल वाचलं याचा मला मनापासून आनंद आहे. शेकरू, गवे, धनेश यांना निर्धास्त जागा मिळाली, यात वाईट वाटण्यासारखं काय? पण 2018 साली कोयनानगरला धरणग्रस्त जमिनीसाठी ठिय्या देऊन बसले होते, त्यांतले कित्येक तर उठलेल्यांची नातवंडं होती. त्या वर्षी आम्ही तिकडून माझ्या माहेरी सांगलीला गेलो. मंडप दिसला, गाडी काही थांबवली नाही.

याच रानात वासोटा आहे. पेशवाईच्या शेवटच्या काळात पंतप्रतिनिधींच्या बाजूनं ताई तेलिणीनं तो कित्येक महिने बापू गोखल्यांच्या फौजेपुढे लढवला. म्हणजे या भागात एक बाई किल्ला लढवत होती, आणि तिच्या शिबंदीला दाणागोटा पुरवणारी गावं पायथ्याशी नांदत होती. त्यातलं मेट इंदवली आज फक्त ट्रेकवाल्यांच्या बोलण्यात उरलंय.

वाचता वाचता लक्षात आलं, की हे फक्त कोयनेचं नाही. चांदोलीच्या पोटात वारणेचं धरण. दाजीपूर-राधानगरीच्या रानात शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण. आणि नणंदेच्या दारातलं बोरिवलीचं नॅशनल पार्क? तिथे 1860 पासून विहार आणि 1879 पासून तुळशी तलाव मुंबईला पाणी देतात, आणि त्यांचं पाणलोट राखलं गेलं म्हणून एवढ्या मोठ्या शहरात जंगल टिकलं. शहराला पाणी-वीज हवी म्हणून माणसं बाजूला झाली, त्यांच्या मागे झाडं वाढली, आणि आपण डबे घेऊन गेलो.

भाच्याला फोन करून सांगितलं, "मी चुकीचं बोलले होते." त्यानं लगेच विचारलं, "मग ते लोक आता कुठे आहेत?" म्हटलं, "एक तर आपल्याच ओटीवर बसून तांदूळ निवडतायत."

वैशाखात पाणी उतरलं की बुडालेले बांध वर येतात. तेव्हा मावशींना घेऊन शिवसागराच्या काठाला जायचं ठरलंय. त्यांना घाटात मळमळतं, म्हणून त्या पुढच्या सीटवर बसतील. सासूबाईंना मागे बसायला सांगायचं काम माझ्याकडे आलंय.