छोट्या सीएनसी यंत्रात एन्कोडर नेमके काय करतो?

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या बहुतेक सीएनसी यंत्रांना स्टेपर मोटर असते. तिच्या एका फेरीत साधारणपणे २०० पावले असतात. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि मोटर तेवढी फिरली असे धरून चालतो. कटर लाकडात अडकून काही पावले हुकली, तरी त्याला पत्ता लागत नाही. पुढचे काम तेवढे सरकून होते आणि फळी वाया जाते. सर्वो मोटरमध्ये ही चूक एन्कोडर पकडतो.

ए, बी आणि झेड

मोटरच्या मागच्या टोकाला बारीक रेघांची चकती शाफ्टबरोबर फिरते. सेन्सर त्या रेघा वाचून ए आणि बी असे दोन सिग्नल देतो. त्यांच्यात पाव आवर्तनाचे, म्हणजे ९० अंशांचे अंतर असते. ए आधी बदलला तर मोटर एका दिशेने फिरते आहे, बी आधी बदलला तर उलट दिशेने. झेड हा तिसरा सिग्नल फेरीत एकदाच येतो. होमिंग करताना आधी लिमिट स्विच आणि मग झेड पाहिला, तर यंत्र दर वेळी त्याच जागी शून्यावर येते.

थोडे गणित

चकतीवर १००० रेघा असतील, तर दोन्ही सिग्नलचे चढ-उतार मिळून एका फेरीत ४००० काउंट मिळतात. ५ मिमी पिचच्या बॉलस्क्रूवर एक काउंट म्हणजे ०.००१२५ मिमी. मोटर मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला २ लाख काउंट येतात. म्हणून मोजणीसाठी सहसा वेगळे हार्डवेअर वापरतात.

तुलना कोण करतो?

बऱ्याच छोट्या यंत्रांत एन्कोडर सर्वो ड्राइव्हला जोडतात. कंट्रोलर फक्त स्टेप आणि दिशा सांगतो. अपेक्षित जागा आणि खरी जागा यांतला फरक ड्राइव्ह भरून काढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर ड्राइव्ह फॉल्ट दाखवून थांबतो. फॉल्टची वायर कंट्रोलरला जोडली नसेल, तर एक अक्ष थांबूनही बाकीचे चालत राहतात. लिनक्ससीएनसीसारखी प्रणाली योग्य कार्डाच्या मदतीने एन्कोडर स्वतःच वाचू शकते.

जोडणीतले धोके

ए आणि बीच्या वायरी उलट लागल्या, तर ड्राइव्ह चूक कमी करण्याऐवजी वाढवत नेतो आणि मोटर सुसाट सुटते. चालू यंत्रात एन्कोडरची वायर निघाली तरी असेच होऊ शकते. त्यामुळे पहिली चाचणी मोटर स्क्रूपासून सोडवून, करंटची मर्यादा कमी ठेवून आणि इमर्जन्सी स्टॉप हाताशी ठेवून करावी.

स्पिंडलच्या व्हीएफडीमुळे सिग्नलमध्ये खोटे पल्स शिरू शकतात. प्रत्येक सिग्नलबरोबर त्याचा उलटा सिग्नल पाठवणारा डिफरन्शियल एन्कोडर, पीळ दिलेली शील्डेड केबल आणि पॉवरच्या वायरींपासून अंतर, हे त्यावरचे उपाय.

एन्कोडरला काय दिसत नाही?

तो मोटरचा शाफ्ट मोजतो, कटरची जागा नाही. स्क्रू-नटमधली ढिलाई किंवा घसरलेले कपलिंग त्याला कळत नाही. त्यासाठी अक्षावर वेगळी लिनियर स्केल लागते. म्हणून महागडा एन्कोडर घेण्याआधी यंत्राची ढिलाई काढणे जास्त फायद्याचे.